काळ्या जमिनीतील झाकणाचा कोळी

ऑस्ट्रेलिया खंडाच्या ईशान्य भागात क्वीन्सलँड नावाचे विस्तीर्ण राज्य आहे. त्याच्या अंतर्भागात अनेक ठिकाणी काळी, भारी व चिकण जमीन आढळते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, कोरड्या दिवसांत आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. विदर्भातील अथवा मराठवाड्यातील शेतकऱ्यास ती दाखविली, तर तो तिला परकी म्हणणार नाही. मृदाशास्त्रज्ञही आपली कापसाची काळी जमीन व क्वीन्सलँडची भेगाळणारी काळी जमीन यांची गणना एकाच वर्गात करतात.

या राज्यातील ईड्सव्होल्ड व मॉन्टो या गुरेपालनाच्या गावांच्या परिसरात, विरळ झाडीखालच्या काळ्या जमिनीत, एक मोठा कोळी बीळ करून राहतो. तेथे पहिले कुंपण पडले त्यापूर्वीपासून त्याची वस्ती आहे. परंतु शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद झाली ती २०२३ साली. क्वीन्सलँड संग्रहालयातील कोळ्यांचे अभ्यासक डॉ. मायकेल रिक्स व त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यास ‘युओप्लॉस डिग्निटास’ असे नाव दिले. ‘डिग्निटास’ या लॅटिन शब्दाचा अर्थ थोरवी अथवा प्रतिष्ठा असा आहे. कोळ्याचा भारदस्त आकार पाहता हे नाव त्यास शोभून दिसते. मादीचे शरीर जवळजवळ ५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच लांब भरते. नर ३ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. मादीचा रंग लालसर तपकिरी असतो, तर नराच्या अंगावर मधासारखी तांबूस झाक दिसते.

एका नव्या प्राण्याची ओळख पटली ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि ओळख पटली तेव्हा त्याच्या राहण्याच्या जागेपैकी बराच मोठा भाग झाडतोडीमुळे नाहीसा झालेला होता. सांप्रत तो अगदी मोजक्या ठिकाणीच ठाऊक असून, त्याची जात संकटात असण्याचा संभव अभ्यासकांनी वर्तविला आहे. सातबाऱ्यावर नाव लागावे आणि त्याच सुमारास जमीन हातची गेलेली असावी, तसाच हा प्रकार होय. यात कोणा दुष्ट माणसाचा हात नव्हता. मेहनती शेतकऱ्यांनी सरकारच्या प्रोत्साहनाने जे काम केले, त्यातूनच हे घडले. म्हणूनच ते कसे घडले, हे आपल्याकडील शेतकऱ्यांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

घराची बांधणी

कोळी म्हटला की पिकावर अथवा घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा आठ पायांचा प्राणी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु सर्वच कोळी जाळे विणीत नाहीत. काही कोळी जमिनीत उभे बीळ खणतात, त्यास आतून रेशमाचे अस्तर लावतात आणि तोंडावर मातीचे झाकण बसवितात. इंग्रजीत त्यांना ‘ट्रॅपडोअर’ कोळी म्हणतात. आपण त्यांना झाकणाचे कोळी म्हणू.

खणण्याचे काम हा कोळी तोंडाच्या जबड्यांनी करतो. या जबड्यांच्या टोकाशी राठ काट्यांची रांग असते. दाताळ्याने माती ओढावी त्याप्रमाणे या काट्यांनी तो माती सुटी करतो आणि लहान लहान गोळ्या करून बिळाबाहेर टाकतो. बीळ पुरेसे खोल झाले की आतील बाजू दाबून गुळगुळीत करतो व शरीराच्या मागील टोकाशी असलेल्या ग्रंथींतून निघणाऱ्या रेशमाने ती मढवितो. घराच्या भिंतीस गिलावा करावा, तसाच याचा उपयोग होतो. माती ढासळत नाही, ओलावा टिकून राहतो आणि बाहेर कडक ऊन असतानाही आतील हवा गार राहते.

झाकण हा या बांधकामाचा सर्वांत कौशल्याचा भाग होय. माती व रेशीम यांचे थरावर थर देऊन ते तयार केले जाते. एका बाजूस रेशमाचीच बिजागरी असते. काही जातींचे झाकण पातळ पापुद्र्यासारखे असते. काहींचे बाटलीच्या बुचासारखे जाड असून बिळाच्या तोंडात घट्ट बसते. वरच्या बाजूस भोवतालचीच माती, पाला व शेवाळ चिकटलेले असल्याने मिटलेले झाकण अनुभवी डोळ्यांसही सहसा दिसत नाही.

रात्र पडली की कोळी झाकण किंचित उचलून त्याखाली दबा धरून बसतो. त्याची दृष्टी मंद असते. त्याचा सारा भरवसा पायांना जाणवणाऱ्या कंपनांवर असतो. भुंगेरा, रातकिडा, झुरळ अथवा मुंगी जवळून चालली की तो झडप घालून तिला आत ओढतो. शत्रू आल्यास तोच कोळी आतून झाकणास नांगी रोवून व पाय भिंतीला टेकून ते घट्ट धरून ठेवतो. बाहेरून चाकूच्या टोकाने झाकण उचलू पाहणाऱ्या अभ्यासकांना या जोराचा चांगलाच अनुभव आलेला आहे.

संथ आयुष्य

पिकावरील किडीची एक पिढी काही आठवड्यांत पुरी होते. मावा तर आठ-दहा दिवसांतच पिलावळ वाढवितो. म्हणूनच औषध मारल्यावरही कीड पुन्हा उसळते. झाकणाच्या कोळ्याची रीत याच्या अगदी उलट आहे. युओप्लॉस डिग्निटास जातीचा नर पाच ते सात वर्षांचा झाल्यावर प्रथमच आपले बीळ सोडतो व मादीच्या शोधात बाहेर पडतो. समागमानंतर त्याचे आयुष्य फारसे उरत नाही. मादी मात्र वीस वर्षांहून अधिक काळ जगू शकते आणि ते सर्व आयुष्य ती जमिनीखालीच काढते.

या गटातील कोळ्यांची पिल्ले आईच्या बिळातच अंड्यांतून बाहेर येतात. काही काळ तेथे राहिल्यावर ती बाहेर पडतात आणि बहुधा चालत जाऊन आसपासच आपले इवलेसे बीळ खणतात. पुष्कळ जातींचे कोळी रेशमाच्या धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर कोसच्या कोस जातात. बिळात राहणाऱ्या या मंडळींत ती चाल क्वचितच दिसते. पिल्लू मोठे होत जाते तसतसे तेच बीळ रुंद व खोल केले जाते आणि झाकणास कडेने नवी पट्टी जोडली जाते. मादी जन्मभर सहसा घर बदलीत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अशा प्राण्याची वस्ती एकदा मोडली, तर ती शेजारच्या शिवारातून लवकर भरून निघत नाही. बीळ नांगराखाली गेले की मोठ्या मादीस ते नव्याने उभारणे बहुधा साधत नाही. उघड्यावर ती पक्ष्यांच्या, विंचवांच्या व मुंग्यांच्या तोंडी पडते. शेजारची पिल्ले चालत येतील म्हणावे, तर त्यांची मजल हातभर-वावभराची. आणि आली तरी त्यांना वयात येण्यास वर्षे लागणार.

क्रमांक सोळाची मादी

हे कोळी किती जगू शकतात, याचा सर्वांत भक्कम पुरावा क्वीन्सलँडपासून फार दूर, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाच्या गव्हाच्या पट्ट्यातून मिळाला. तेथील टॅमिन या गावाच्या परिसरात १९२९ साली जन्मलेल्या बार्बरा यॉर्क मेन गव्हाच्या शेतावरच वाढल्या. पुढे त्या प्राणिशास्त्रज्ञ झाल्या. सभोवार गव्हाची शेते आणि मध्ये न तोडलेल्या झाडीचा एक तुकडा, अशा नॉर्थ बंगुला नावाच्या राखीव जागेत त्यांनी १९७४ साली झाकणाच्या कोळ्यांच्या बिळांशेजारी क्रमांकाच्या खुंट्या रोवल्या आणि प्रत्येक बिळाची नोंदवही ठेवण्यास आरंभ केला. हे कोळी ‘गेयस व्हिलोसस’ नावाच्या दुसऱ्या जातीचे होते.

त्या पहिल्या खुंट्यांपैकी एक सोळाव्या क्रमांकाची होती. तेथील मादी तेव्हा लहान पिल्लू होती. वर्षामागून वर्षे गेली. दुष्काळी वर्षे आली व गेली, आजूबाजूची पिके पेरली व कापली गेली. क्रमांक सोळाची मादी मात्र त्याच बिळात, त्याच झाकणाखाली राहिली. अखेर २०१६ साली तिच्या झाकणास एक छिद्र पडलेले व बीळ मोडकळीस आलेले आढळले. कोळ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाशीने आत शिरकाव केला होता. आपल्याकडील कुंभारीण ज्याप्रमाणे अळीला अथवा कोळ्याला डंख करून निश्चेष्ट करते व आपल्या पिलांसाठी अन्न म्हणून ठेवते, तशीच या गांधीलमाशीची रीत असते. मृत्युसमयी मादीचे वय ४३ वर्षे होते. तोपर्यंत कोळ्याच्या वयाचा ज्ञात उच्चांक मेक्सिकोतील एका टॅरंट्युला कोळ्याचा, २८ वर्षांचा होता. ही हकिगत २०१८ साली प्रसिद्ध झाली.

४३ वर्षे म्हणजे शेतकऱ्याच्या घरातील एका पिढीहून अधिक काळ. वडिलांनी बांध घातला तेव्हा बांधाच्या कुशीत असलेला प्राणी मुलाच्या हाती शेत आल्यावरही तेथेच असावा, असा हा हिशेब आहे. मात्र त्यासाठी एक अट आहे. ती माती तेवढ्या काळात कोणी उलटविलेली नसावी. क्रमांक सोळाची मादी जगली, ती नांगर न लागलेल्या त्या तुकड्यामुळे.

ब्रिगॅलोची तोड

आता पुन्हा क्वीन्सलँडकडे वळू. ज्या प्रदेशात युओप्लॉस डिग्निटास राहतो, त्या विस्तीर्ण पट्ट्यास ब्रिगॅलो या झाडावरून नाव मिळालेले आहे. ब्रिगॅलो हे बाभळीच्या गोतावळ्यातील, रुपेरी करड्या पानांचे झाड. ज्या भारी जमिनीत ते दाट वाढे, ती जमीन पिकास व कुरणास उत्तम, हे वसाहतकऱ्यांनी लवकरच ओळखले होते. परंतु झाड तोडले की त्याच्या मुळांतून असंख्य फुटवे येत. त्यामुळे कुऱ्हाडीने ते हटत नसे.

१९६२ साली या प्रदेशाच्या विकासासाठी खास कायदा झाला. जमिनीचे गट पाडून शेतकऱ्यांना देण्यात आले, कर्जे मिळाली आणि ठराविक काळात जमीन साफ करण्याची अपेक्षा ठेवण्यात आली. दोन अवजड यंत्रांच्या मध्ये जहाजाच्या नांगराची जाड साखळी बांधून ती झाडीतून ओढीत नेली जाई. साखळीच्या वाटेतील झाडे मुळासकट आडवी होत. वाळल्यावर त्यांना आग लावून राखेवर गवताचे बी टाकण्यात येई; पुढे काही ठिकाणी नांगरट करून धान्य पेरले जाई. त्या काळच्या दृष्टीने ही मोठी यशस्वी योजना होती. तिच्यामुळे पुष्कळ कुटुंबे स्थिरावली आणि मांस व धान्य यांचे उत्पादन वाढले.

या कामाची दुसरी बाजू हळूहळू उघड झाली. थिओडोर गावाजवळ १९६५ साली तीन लगतच्या पाणलोटांत एक दीर्घ प्रयोग सुरू करण्यात आला. प्रथम सतरा वर्षे तिन्ही पाणलोटांतील झाडी तशीच ठेवून पाऊस व वाहून जाणारे पाणी मोजले गेले. १९८२ साली दोन पाणलोटांतील झाडी तोडून एकात पीक व दुसऱ्यात कुरण करण्यात आले. तिसरा पूर्ववत राखला. तोडलेल्या पाणलोटांतून वाहून जाणारे पाणी पूर्वीच्या सुमारे दुप्पट झाले आणि पिकाखालील जमिनीचा कस वर्षानुवर्षे उतरत गेला. मूळ ब्रिगॅलो झाडीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. २००१ साली तिची नोंद ऑस्ट्रेलियाच्या संकटग्रस्त वनसमूहांत करण्यात आली. तत्पूर्वी, १९९९ साली, क्वीन्सलँड राज्याने झाडतोडीवर नियंत्रण आणणारा कायदा केला होता.

पाणी किती वाहून गेले हे मोजता येते, जमिनीचा कसही तपासता येतो. परंतु ज्या प्राण्याचे नावच ठाऊक नाही, तो किती गेला हे मोजावयाचे कसे? युओप्लॉस डिग्निटासच्या बाबतीत हेच घडले. ही तोड जोरात चालू होती तेव्हा त्याच्या नावाने कोणी तक्रार केली नाही, कारण त्यास नावच नव्हते.

नाव देण्यास वेळ का लागतो

नवी जात ठरविणे हे काम बाहेरून वाटते तितके सोपे नाही. झाकणाच्या कोळ्यांच्या माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. जातींतील फरक मुख्यत्वे पूर्ण वाढलेल्या नराच्या अवयवांवरून ओळखावे लागतात. आणि नर तर आयुष्यात एकदाच, बहुधा पावसानंतरच्या थोड्या दिवसांत, बाहेर हिंडतो. त्या वेळी तो हाती लागला तरच काम पुढे सरकते. मग त्याची तुलना संग्रहालयांत जपलेल्या जुन्या नमुन्यांशी करावी लागते. अलीकडे जनुकांची तपासणीही करतात. शेवटी ज्या नमुन्यावरून वर्णन लिहिले तो संग्रहालयात कायमचा ठेवला जातो, म्हणजे पुढील अभ्यासकास त्याच्याशी ताडून पाहता येते. जमिनीच्या मोजणीत मूळ खुणेच्या दगडाला जे महत्त्व, तेच या नमुन्याला असते.

आपल्या शिवारात

युओप्लॉस डिग्निटास आपल्याकडे नाही. परंतु ज्या कुळात त्याची गणना होते, त्याच कुळातील ‘इडिऑप्स’ वंशाचे कोळी भारतातही राहतात. १९०० साली पोकॉक या शास्त्रज्ञाने भारतीय कोळ्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांची वर्णने दिली. अलीकडच्या काळातही सह्याद्रीच्या प्रदेशातून नव्या जातींची भर पडली आहे. उदाहरणार्थ, ‘इडिऑप्स जोयडा’ ही जात उत्तर कर्नाटकातील जोयडा तालुक्यावरून २०१३ साली नाव पावली. पायवाटेच्या कडेचा मातीचा उतार, रस्त्यासाठी कापलेली दरड, झाडीतील बांध अशा जागी या कोळ्यांची बिळे असतात.

यासाठी कोणी शेत नांगरू नये, असे म्हणण्याचा हेतू नाही. नांगरटीवाचून पीक नाही. परंतु प्रत्येक शिवारात अशी काही जागा असतेच, की जी नांगरून काही विशेष पदरात पडत नाही. अशा जागांविषयी पुढील गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत.

(१) जुने रुंद बांध, ओढ्याकाठची पट्टी, देवराई व माळाचा कोपरा ही न उलटविलेल्या मातीची शेवटची ठिकाणे होत. हातभर अधिक जमीन मिळावी म्हणून बांध कोरणे टाळावे. त्यामुळे माती धुपते व शेजाऱ्याशी तंटाही होतो. त्यात बिळे जातात ती वेगळीच.

(२) बांधावरील गवत व पाला पेटविण्यापेक्षा कापून घ्यावा. तो कंपोस्टच्या खड्ड्यात घातल्यास खतही होते.

(३) रस्ता, नाला अथवा शेततळे यांचे काम काढताना जुनी झाडी व मातीचे उतार शक्य तेथे वगळून आखणी करावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काम सुरू होण्यापूर्वी ही जागा एकदा पायी फिरून पाहावी.

(४) मातीच्या उतारावर नाण्याएवढे गोल झाकण दिसल्यास ते उचकटू नये. छायाचित्र घ्यावे, जागा व तारीख लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना कळवावे. पावसानंतर चालताना दिसणारा नर विशेष महत्त्वाचा असतो.

(५) हा कोळी आपण होऊन माणसाच्या अंगावर येत नाही. डिवचल्यास मात्र चावू शकतो. शिवाय बिळात साप अथवा विंचूही असू शकतो. मुलांना कोणत्याही बिळात बोट वा काडी घालू देऊ नये.

(६) झाकणाचा कोळी किडे खातो, परंतु त्याच्या भरवशावर पिकाचे संरक्षण होईल असे कोणी मानू नये. तो तेथे असणे ही ती माती दीर्घकाळ निर्वेध राहिल्याची खूण आहे, आणि त्याचे मोल त्यातच आहे.

क्वीन्सलँडच्या शेतकऱ्यांपाशी निवड करण्याची संधी नव्हती. त्यांच्या जमिनीत कोण राहते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आपल्याकडे अद्याप अनेक बांध शाबूत आहेत आणि त्यांत कोण राहते हे पाहण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही. येत्या पावसानंतर शेतावर जाताना बांधाच्या उताराशी घटकाभर थांबून पाहावे. ज्याचे नाव अद्याप कोणत्याही दप्तरी लागलेले नाही, असा एखादा जुना रहिवासी आपले दार ओढून आत बसलेला असेल.